जाफना, मामा आणि स्टर्लिंग रोड

माझा धाकटा मामा महार रेजिमेंटच्या ८ महार या पलटणीत शिपाई होता. ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत लढताना जाफन्यात तो गेला. वय सव्वीस. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, त्यामुळे त्याचा चेहरा मला आठवतो तो फोटोतलाच. तरी त्याची आठवण सांभाळायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईला आले, नुंगंबाक्कममध्ये स्थिरावले, आणि ज्या शहरातून मामा समुद्रापार गेला त्याच शहरात माझा संसार झाला. गावाकडे राहून जे कधी कळलं नसतं ते इथे राहून कळलं. ज्यांच्या घरात गणवेशातला असा एक फोटो आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी कागद जमवा, हार नंतर

आजीच्या घरी मामाची काळी लोखंडी ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव. आत एक स्वेटर, दाढीचं सामान आणि इनलँड पत्रांचा गठ्ठा. आजी होती तोवर त्या ट्रंकेला कोणी हात लावला नाही. ती गेल्यावर आईने ट्रंक माझ्या स्वाधीन केली.

माझं पहिलं सांगणं हेच, की सैनिकाचा आर्मी नंबर घरातल्या किमान तीन माणसांकडे लिहून ठेवलेला असावा. नाव, गाव आणि पलटण एवढ्यावर कुठलंही दफ्तर हलत नाही. एकाच नावाचे, एकाच तालुक्यातले अनेक जण एका रेजिमेंटमध्ये असतात. नंबर पेन्शनच्या कागदावर असतो, जुन्या पत्रावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असतो, ट्रंकेवर असतो. महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. तिथे लिहायचं तर नंबर लागतोच. जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथेही पहिला प्रश्न तोच येतो.

आणि पत्रं लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकमध्ये बंद झालेला जुना कागद पुन्हा सोडवता येत नाही. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, पत्रं घडी उघडून सपाट ठेवा.

मामाचं शेवटून दुसरं इनलँड मद्रासमध्ये टाकलेलं आहे. घडीवर ते पार झिजलंय, निळी शाई पाठीमागे उमटली आहे. त्यात युद्धाचा एक शब्द नाही. समुद्र मुंबईसारखाच आहे पण लाटा फार उंच येतात, असं लिहिलंय. आईचे डोळे साताऱ्याच्या डॉक्टरला दाखवा, बैल विकू नका, मी येईपर्यंत विहिरीचं काम थांबवा. खाली माझ्यासाठी एक ओळ आहे, "छकुलीला म्हणावं, इथं आगगाडी घरांच्या अगदी अंगावरून जाते." नुंगंबाक्कम स्टेशनवर लोकलची वाट बघताना ही ओळ माझ्या मनात हमखास येते.

२. ती लढाई कोणती होती, हे घरातल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे

गावात कित्येक वर्षं लोक म्हणत, "पाकिस्तानच्या लढाईत गेला." शाळेतल्या एका फलकावरही तसंच लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण मामा ज्या लढाईत मेला ती लढाईच त्याच्या नावापासून तोडली गेली होती. पुढे भाऊबंदांनी मागे लागून तो फलक बदलून घेतला.

म्हणून थोडक्यात सांगते. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करार केला. तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या फौजेने छावणीत परतायचं आणि मधे भारतीय शांतिसेनेने उभं राहायचं, असा तो बेत. सुरुवातीला जाफन्यातल्या लोकांनी आपल्या जवानांचं हार घालून स्वागत केलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत सगळं फिसकटलं आणि शांतता राखायला गेलेल्या सैन्याला त्यांतल्याच एलटीटीई या तमिळ संघटनेशी लढावं लागलं. जाफना घेण्यासाठीची मोहीम म्हणजे ऑपरेशन पवन. गल्ल्या अनोळखी, रस्त्यात पेरलेले सुरुंग, समोरचा कोण आणि वाटसरू कोण हे कळायची सोय नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक मृत्यू पावले होते. या लढाईत महार होते, मराठा होते, शीख होते, गुरखा होते, आणि मद्रास रेजिमेंटचे दक्षिणेतले जवानही होते.

लष्करप्रमुख होते जनरल सुंदरजी, जे स्वतः महार रेजिमेंटमधले तमिळ अधिकारी. हे मला फार उशिरा समजलं, आणि तेव्हापासून ही लढाई "त्यांची" आणि "आपली" अशी सरळ विभागता येत नाही.

३. फौजेत जाणं आमच्या घराला फुकट मिळालेलं नाही

हे मुलांना सांगितलंच पाहिजे. महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर ती मोडूनही टाकली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. ज्या समाजातून सुभेदार घडले त्या समाजालाच दार बंद झालं होतं. ते पुन्हा उघडावं म्हणून बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आमचे आजोबा सुरुवातीच्या भरतीत गेले. त्यांच्या लेखी बंदूक हातात घेणं म्हणजे माणूस म्हणून ताठ उभं राहणं होतं. मामा भरती झाला त्या दिवशी आजोबांनी गावभर साखर वाटली, असं आई सांगते.

शहीद झालेल्याचं कौतुक करताना तो फौजेत का गेला हा धागा बहुतेक घरांत सुटून जातो. कोणी देशप्रेमाने गेलेला असतो, कोणी पोटासाठी, कोणी मानासाठी, आणि बहुतेक जण या तिन्हींसाठी. तिन्ही सांगावीत. त्याने त्याग कमी होत नाही.

४. पदक नसलेल्या सैनिकाची गोष्ट पदकवाल्याच्या गोष्टीमागे लपू देऊ नका

८ महार म्हटलं की जाणकार माणूस लगेच मेजर रामास्वामी परमेश्वरन यांचं नाव घेतो, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा जन्म १९४६ मध्ये मुंबईत झाला. शिक्षण माटुंग्या-शीवला एसआयईएसमध्ये. मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून १९७२ मध्ये ते महार रेजिमेंटमध्ये आले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी हल्लेखोरांना मागून घेरलं. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. आज सेंट थॉमस माउंटच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत कॅडेट ज्या मैदानावरून अधिकारी होऊन बाहेर पडतात ते परमेश्वरन ड्रिल स्क्वेअर, आणि आर्कट रोडवर लष्करी कुटुंबांची वसाहत आहे तिचं नाव परमेश्वरन विहार.

मुंबईत वाढलेला तमिळ मेजर, त्याच्या हाताखाली विदर्भ-साताऱ्याकडची पोरं, आणि समोर तमिळ बोलणारा मुलूख. मामाच्या पत्रांत "साहेबांना इथली भाषा येते" असं कुणाविषयी तरी लिहिलंय. कुणाविषयी, ते तपासायला मी गेले नाही. प्रत्येक ओळ एखाद्या मोठ्या नावाला नेऊन चिकटवायचा मोह टाळावा, असं माझं ठाम मत आहे. मामाला शौर्यपदक मिळालं नाही. तो एका वळणावर, पाणी घेऊन पुढे जाताना गेला. त्याच्या मागच्यांना त्या दुपारी पाणी मिळालं, असं त्याचे साथीदार सांगतात. आमच्या घराला तेवढं पुरेसं आहे.

५. ज्या शहरात राहता त्या शहराचं दुःखही ऐका

या मुद्द्यावर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण नुंगंबाक्कमने मला खरं शिकवलं ते इथे.

माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर स्टर्लिंग रोड आहे. तिथे श्रीलंकेच्या उपउच्चायुक्तांचं कार्यालय. एरवी शांत, झाडांखालचा रस्ता. पण समुद्रापलीकडे काही झालं की इथे पोलिसांची बॅरिकेड्स लागतात. मार्च २०१३ मध्ये जवळच्याच लोयोला कॉलेजचे विद्यार्थी श्रीलंकेतल्या तमिळांसाठी उपोषणाला बसले आणि बघता बघता राज्यभरातली कॉलेजं त्यात ओढली गेली. ऑफिसमधून परतताना मी त्या मुलांच्या घोषणा ऐकल्या आहेत. नुंगंबाक्कमच्या पुढचं स्टेशन कोडंबाक्कम. तिथल्या झकारिया कॉलनीत जून १९९० मध्ये ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हत्या झाली. शांतिसेनेच्या बाजूने उभे राहिलेले ते तमिळ. म्हणजे मामाची लढाई त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन वर्षांनी माझ्या आजच्या स्टेशनच्या शेजारी येऊन पोचली होती.

मार्च १९९० मध्ये शांतिसेना मद्रासला परतली तेव्हा मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आईने पेपर बाजूला ठेवला आणि दिवसभर बोलली नाही. तिचा राग मला मान्य आहे. तिचा भाऊ ज्या हुकमावर गेला तो हुकूम त्याने काढलेला नव्हता. सैनिकाला पाठवणारे वेगळे असतात, स्वागत नाकारायचं तर त्यांचं नाकारावं.

पण दुसरी बाजूही माझ्याच इमारतीत राहते. तळमजल्यावरच्या अक्का मूळच्या जाफन्याच्या. पोंगलचा प्रसाद घेऊन त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा भिंतीवरचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "यारु इदु?" हे कोण, ते मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, भांडं ठेवून गेल्या. मग एका संध्याकाळी स्वतःहून गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांची बहीण लेकरं घेऊन नल्लूरच्या कंदस्वामी कोविलमध्ये राहिली होती, हजारो माणसांच्या गर्दीत. वर तोफांचे आवाज, खाली प्यायला पाणी नाही. धाकटं मूल तापाने फणफणलं होतं आणि दवाखान्यात न्यायची सोय उरली नव्हती, कारण २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले होते आणि तिथे डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठाहून अधिक लोक मारले गेले होते.

मी ते नंतर वाचून काढलं. ते घडलं आहे. आमच्या गावात आकाशकंदील लागले असताना मामाची तार आली, त्याच दिवाळीत.

आपल्या माणसाचं स्मरण करताना समोरच्याचे मेलेले झाकायचे नाहीत, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. सैनिकाच्या घरातल्या काही मंडळींना तो पटत नाही. माझा एक मावसभाऊ, जो स्वतः फौजेत आहे, तो म्हणतो, "ताई, तू असं बोललीस तर मामाचा अपमान होतो." मी त्याला सांगते की मामाने पत्रात लिहिलंय, इथली माणसं आपल्यासारखीच आहेत, भात खातात, अंगणात सडा घालतात, म्हाताऱ्या बाया आम्हाला पोरा म्हणून हाक मारतात. त्याला ती माणसं दिसत होती. आपण ती न बघणं हाच मला त्याचा अपमान वाटतो. अक्का आजही फोटोकडे पाहून हात जोडत नाहीत, आणि मीही त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवत नाही. आम्ही एकमेकींच्या घरी जातो-येतो.

६. मागे राहिलेल्या बाईला फोटोच्या चौकटीत बसवू नका

मामी तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिने आयुष्यभर पांढऱ्या साडीत बसून राहावं, १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ घ्यावं आणि भाषणात "वीरपत्नी" म्हणून उभं राहावं, असं गावातल्या कितीतरी जणांना वाटत होतं. आजीने ते हाणून पाडलं. "माझं लेकरू गेलं, त्यात तिचं काय पाप? दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य मी कशापायी जाळू?" असं म्हणून तिनेच मामीचं पुन्हा लग्न लावून दिलं. अडाणी बाई, पण भल्याभल्यांना जमलं नाही ते तिने केलं.

कायद्याला इतकं शहाणपण यायला वेळ लागला. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुन्हा लग्न केलं की बंद व्हायचा. अपवाद एकच, तिने मृत नवऱ्याच्या भावाशीच लग्न केलं तर. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ मध्ये काढून टाकली. तोवर किती जणींना भत्ता राखायचा की आयुष्य, हे ठरवावं लागलं असेल, या विचाराने आजही संताप येतो.

मामी अजूनही येते. तिच्या धाकट्याला आम्ही मामाचं स्वेटर दिलं.

७. दिवस पाळा, पण आपल्या रीतीने

कारगिलच्या आधी रणात पडलेल्या जवानाचं पार्थिव घरी आणायची सर्रास पद्धत नव्हती. बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिथेच व्हायचे. आमच्याकडे अस्थी आल्या, त्याही उशिरा. ज्या घरात देह आलाच नाही तिथे "तो आहे कुठेतरी" ही आशा फार दिवस जिवंत राहते. आजी दारातल्या प्रत्येक खाकी कपड्याला उठून बघायची. म्हणून एक ठरलेला दिवस लागतो. तारेतली तारीख आम्ही धरली. त्या वर्षी जलदान विधी झाला, पुढे दरवर्षी बुद्धवंदना, आणि मग मामाचं एक पत्र मोठ्याने वाचायचं. वाचायचा मान घरातल्या सगळ्यांत लहान वाचता येणाऱ्याला. बाकी समारंभ नाही, पाहुणे नाहीत.

८. नाव कोरलेली जागा एकदा तरी बघून या

चेन्नईत रिक्षावाल्याला घाईत "नंदंबाक्कम" सांगितलं तर तो कधीकधी नुंगंबाक्कमकडे वळतो. दोन नावं अशी जुळी. नंदंबाक्कमला मद्रास वॉर सिमेट्री आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुलाच्या सैनिकांची. दगडांवर नाव, हुद्दा, वय, आणि पुष्कळदा खाली घरच्यांनी दिलेली एखादी ओळ. हिरवळ कापलेली, फुलझाडं जपलेली. तिथे उभं राहिल्यावर मला बसऱ्याचं स्मारक आठवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, १०३, ११० आणि ११७. आपल्या जिल्ह्यांतली किती माणसं तिथे उपासमारीने आणि कैदेत गेली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी शिपाई मात्र तिथे पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा होऊन उरले. नाव कोरलेलं असणं किती मोठी गोष्ट आहे ते यावरून समजावं.

शांतिसेनेच्या मृतांचं एक स्मारक श्रीलंकेने बांधलं, कोलंबोजवळ कोट्टे इथे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तिथे पुष्पचक्र वाहिलं. जाफन्याजवळ पलालीलाही एक आहे. आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं ते २५ फेब्रुवारी २०१९ ला. तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटवर एकेका सैनिकाचं नाव कोरलेलं आहे. आईला घेऊन गेले. तिने मामाचं नाव शोधलं, बोटाने अक्षरं चाचपली आणि मला म्हणाली, "नंबर जुळव." मी ट्रंकेवरचा नंबर जुळवला. मगच ती खाली बसून रडली.

९. साथीदार आहेत तोवर त्यांना गाठा

सगळ्यांत तातडीचं काम हे, आणि सगळ्यांत जास्त टाळलं जातं तेही हेच. १९८७ ची पोरं आज साठी ओलांडून गेली आहेत. कागद पुढेही राहतील, माणसं राहणार नाहीत. १ ऑक्टोबरच्या सुमारास माजी सैनिक महार रेजिमेंटच्या स्थापना दिनासाठी एकत्र जमतात. तिथे पोचता येतं, फोन नंबर मिळतात.

भेटल्यावर "मामा कसा गेला?" हा पहिला प्रश्न करू नका. त्या उत्तरापाशी ती माणसं अडखळतात आणि गप्प होतात. "तो जेवायला काय मागायचा, कुणाशी भांडायचा, रात्री घोरायचा का?" असं विचारा. एका निवृत्त हवालदारांना असंच विचारलं आणि ते हसले. मामाकडे एक ट्रान्झिस्टर होता, त्याची पट्टी तुटलेली. रोज संध्याकाळी तो ओल्या कपड्याने त्याच्या बॅटऱ्या पुसायचा, उन्हात तापवायचा आणि गाणी लागली की पूर्ण सेक्शनला शेजारी बसवायचा. हे ना आईला माहीत होतं, ना मामीला. पाण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर, न विचारता सांगितली.

त्यांनी दिलेल्या यादीतले काही जण अजून भेटायचे आहेत. बुलढाण्याकडे एक नाईक आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, "ताई, प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून आणा आणि सकाळीच या, बाबा सकाळी बोलतात." प्रश्न लिहायला घेतले आहेत.